मैनेचा डोळा

माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. हा दोष आहे हे मला कळतं, पण याच दोषाच्या जोरावर मी तीसेक वर्षं नोकरी केली. मी बसमध्ये तिकीट तपासणारा चेकर होतो. नांदेड ते लातूर हा माझा रस्ता. लोह्याच्या पुढं कुठंतरी गाडीला हात करायचा, वर चढायचं आणि आधी तिकिटं नाही, माणसांची तोंडं बघायची. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो एक तर फार गाढ झोपलेला असतो, नाहीतर खिडकीबाहेरच्या तुरीकडे असा बघत असतो की जन्मात तूर पाहिली नाही. हे एकदा अंगात भिनलं की घरी आल्यावर उतरत नाही. भाजीवाल्यानं वरून एक वांगं जास्तीचं टाकलं तर ते किडकं असणार असं मला वाटतं, आणि बहुतेक वेळा ते असतंही. बायको म्हणते, "घरात तरी चेकिंग बंद करा."

हे आधीच सांगून टाकलं, कारण मला माझ्या मावसभावाबद्दल लिहायचं आहे आणि तो नेमका माझ्या उलटा होता. माझ्याहून वर्षभरानं मोठा. आमच्या आया सख्ख्या बहिणी, त्यामुळे उन्हाळ्याच्या सगळ्या सुट्ट्या आजोळी एकत्र गेल्या. तो विटकरीच्या तुकड्यानं भिंतीवर बैल काढायचा आणि मी मामाला जाऊन सांगायचो. मामा त्याला मारायला यायचा, बैल बघायचा आणि न मारता परत जायचा. मला तेव्हाही वाटायचं की ह्यात कुठंतरी पाणी मुरतंय.

पुढं तो लातूरला पेंटर झाला. आधी सिनेमाचे बोर्ड रंगवणाऱ्या एका उस्तादाच्या हाताखाली, मग स्वतःचं. दुकानांच्या पाट्या, रिक्षांच्या पाठी, शाळेच्या भिंतीवरचे नकाशे. फ्लेक्स आले आणि हे सगळं एका वर्षात बसलं. पण लग्नाची भिंत तेवढी राहिली. आमच्याकडे लग्नघराच्या दाराशी भिंत रंगवतात. वर शुभविवाह, खाली वधूवरांची नावं, बाजूला सोंड वर केलेले हत्ती, माळा, भालदार. लग्न होऊन जातं, पोरं होतात, पोरं शाळेत जातात, तरी भिंतीवर ते लग्न तसंच असतं. फ्लेक्स पावसाळ्यापर्यंत फाटतो, म्हणून लोक भिंतीसाठी पेंटरच शोधायचे. आणि आमच्या भागात पेंटर म्हणजे हाच.

मी त्याला पेंटर म्हणायचो आणि तो मला चेकर. आम्ही एकमेकांना नावानं हाक मारल्याचं मला आठवत नाही.

त्याची काम करायची रीत बघण्यासारखी होती. लुनाला दोन्हीकडे डबे बांधून यायचा. आल्याबरोबर रंगाला हात लावायचा नाही. आधी घरातल्यांशी गप्पा, मग सुशीला खायचा. आमच्याकडच्या ह्या फोडणीच्या मुरमुऱ्यांवर त्याचा इतका जीव की लोक त्याची लुना दिसली की मुरमुरे भिजवायला टाकायचे. मग चुन्यात बुडवलेला दोरा भिंतीवर ताणून एकदा टपकन सोडला की रेघ तयार. पट्टी त्यानं कधी वापरली नाही. बौद्ध वस्तीत गेला की कलशाच्या जागी पिंपळाचं पान काढायचा आणि वर मंगल परिणय. पण घर कुणाचंही असो, दाराच्या चौकटीवर दोन पक्षी ठरलेले. डावीकडे राघू, उजवीकडे मैना.

किल्लारीकडं भूकंपानंतर जी नवी गावं वसली, तिथली घरं सगळी एका साच्याची. म्हाताऱ्या माणसांना आपलं घर सापडेना. हा पठ्ठ्या लुना घेऊन तिकडं जायचा आणि म्हाताऱ्यांना विचारायचा, "आज्जी, जुन्या घरापुढं काय होतं?" कुणी म्हणायचं लिंब, कुणी म्हणायचं शेळी. मग दारावर लिंब काढायचा, शेळी काढायचा. म्हातारी ती शेळी बघून घरात शिरायची. मी ह्याला विचारलं की रंग कुणाचा? म्हणाला, "असाच." मला ते खरं वाटलं नाही. एकदा तिकडच्या गाड्यांवर ड्यूटी लागली तेव्हा मी मुद्दाम दोन-तीन म्हाताऱ्यांना आडून आडून विचारलं. खरोखरच असाच होता, एक पैसा न घेता. त्याचा मला थोडा रागच आला. लोक त्याच्यावर जीव टाकायचे आणि मी गाडीत चढलो की लोकांची तोंडं उतरायची. दोघे एकाच आजीचे नातू.

मैनेबद्दलची पहिली शंका मला गाडीतच आली. रस्त्याकडेच्या गावांत त्याच्या भिंती ओळीनं दिसायच्या. एकदा चाकूरच्या अलीकडं गाडी पंक्चर झाली म्हणून खाली उभा होतो, तर समोरच्या भिंतीवरच्या मैनेला डोळाच नव्हता. राघूला होता, हत्तींना होते. मैनेच्या डोळ्याच्या जागी नुसता पांढरा गोल. नंतर मी लक्ष ठेवायला लागलो. बऱ्याच मैनांना डोळा असायचा, काहींना नसायचा. आणि असायचा तोही त्याच्या हातचा वाटायचा नाही. कुठं टिकलीएवढा मोठा, कुठं फराटा ओढलेला, एका ठिकाणी तर बोटानं टेकवल्यासारखा. ज्याचा हात हत्तीच्या सोंडेवरची सुरकुती एका दमात काढतो, त्याचा हात एका ठिपक्याला कसा काय कापतो? मी निष्कर्ष काढला की पेंटर प्यायला लागला. वहिनीला विचारलंही. ती म्हणाली, "भावजी, चहा सोडून दुसऱ्या कशाला शिवलेलं बघितलंय का तुम्ही त्यास्नी?" तरी मी दोनदा बोलता बोलता त्याच्या तोंडाचा वास घेतला. तो ओळखून हसला.

"मैनेचा डोळा विसरतोस कामून?" मी एकदा थेटच विचारलं.

"तुला दिसलं व्हय?" तो म्हणाला. "तुझ्या नजरेतून काही सुटत न्हाई राव." आणि त्यानं विषय बदलला.

विषय बदलणारा माणूस मी लगेच ओळखतो. मग मी माझा एक सिद्धांत बांधला: जिथं ह्याची खाण्यापिण्याची सोय नीट होत नाही, तिथं हा मैनेला आंधळी ठेवून जातो. पेंटरचा गुपचूप सूड. मला तो सिद्धांत फार आवडला, कारण त्यात पेंटर थोडा माझ्यासारखा वाटत होता.

बारा वर्षांपूर्वी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. स्थळ लातूरचं, मुलगा कॉलेजात शिकवणारा, घर स्वतःचं. त्या घराची चौकशी मी दोन महिने केली. कुणाची उधारी नाही, कुणाची भानगड नाही, बाप सरळ, आई देवभोळी. त्याच्या गल्लीतल्या पानवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना विचारलं. मुलीला काही विचारल्याचं आठवत नाही. ती बघायच्या कार्यक्रमात होती, चहा तिनंच आणला होता, मला ते पुरेसं वाटलं.

लग्न आमच्या नांदेडच्या घरी. पेंटर दोन दिवस आधी आला आणि त्यानं माझी भिंत रंगवली. असे हत्ती त्यानं कुणाच्या दारी काढले नसतील. येणारे-जाणारे सायकली थांबवून बघायचे. माझ्या मुलीला तो लहानपणापासून मांडीवर घेऊन रंग शिकवायचा. ती त्याला पेंटरकाका म्हणायची आणि माझ्याशी बोलत नसे इतकं त्याच्याशी बोलायची. हळदीच्या दिवशी दुपारी मी मांडववाल्याशी वाद घालून परत येत होतो, तर ती भिंतीशी उभी, तिच्या हातात बारका ब्रश, आणि हा शिडीला टेकून तिच्याशी हळू आवाजात काही बोलतोय. मला बघून दोघं गप्प झाले. तिनं ब्रश त्याला परत दिला आणि आत गेली. माझे कान टवकारले. दोन माणसं मला बघून गप्प होतात तेव्हा निदान एकाकडं तिकीट नसतं.

थोड्या वेळानं तो माझ्याजवळ आला. हात रॉकेलच्या फडक्याला पुसत होता.

"चेकर, पोरीला एकदा एकटीला बसवून विचार."

"काय विचारू?"

"हाव का न्हाई, एवढंच विचार. आजच विचार."

माझ्या डोक्यात लगेच दिवे लागले. त्याच्या मेव्हण्याचा मुलगा शिरूर अनंतपाळला होता, खताचं दुकान होतं, आणि वर्षभरापूर्वी पेंटरनं सहज बोलता बोलता त्याचं नाव काढलं होतं. सहज काढलेलं नाव मी कधी विसरत नाही. मी मांडवात, चार माणसांसमोर, आवाज चढवून म्हणालो, "तुला तुझ्या मेव्हण्याचं पोरगं माझ्या घरात घुसवायचंय. म्हणून तू माझ्या पोरीचे कान भरून राहिलास. ऐन हळदीच्या दिवशी!"

त्याचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. रागावलेला नव्हता तो. आजोळी मी मामाला त्याचं नाव सांगितल्यावर तो माझ्याकडं जसा बघायचा, तसा बघत राहिला. मग म्हणाला, "लई हुशार हायेस तू." डबे लुनाला बांधायला लागला. बायकोनं पान वाढलं होतं, ते तसंच टाकून तो गेला. लग्नघरातून न जेवता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी गेलो आणि चौकटीवर बघितलं. मैनेला डोळा नव्हता.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्याचा अर्थ मला माहीत होताच की, माझाच सिद्धांत होता. माझ्या घरी ह्याची सोय नीट झाली नाही, असं हा येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला भिंतीवर लिहून सांगून गेला होता. खाली कट्ट्यावर काळ्या रंगाची डबी होती, झाकण नुसतं ठेवलेलं, आणि तोच बारका ब्रश रॉकेलच्या वाटीत भिजत घातलेला. घाईत विसरला असणार, मी म्हटलं. पेंटर आयुष्यात कधी ब्रश विसरला नव्हता, हे त्या वेळी माझ्या लक्षात यायला हवं होतं. एरवी आलंही असतं. मी स्टुलावर चढलो आणि मैनेला डोळा काढला. तो जरा मोठा झाला. पाहुण्यांतलं कुणीतरी म्हणालं की मैना डोळे वटारून बघतेय, आणि सगळे हसले, मीसुद्धा.

लग्न व्यवस्थित पार पडलं. पेंटर आणि मी त्यानंतर बोललो नाही. अकरा वर्षं. मुलगी लातुरात राहायला गेल्यावर त्याच्या घरी जाऊ-येऊ लागली. त्याचाही मला संशय यायचा. ही तिथं जाऊन काय बोलते? माझ्याबद्दल काय बोलतात? मी विचारलं की ती म्हणायची, "रंगाबद्दल."

मागच्या वर्षी तिचा फोन आला. "पप्पा, काका दवाखान्यात आहेत. लगेच या." मी विचारलं, काय झालंय? ती म्हणाली, छातीत दुखतंय. मी विचारलं, डॉक्टर काय म्हणतात? ती म्हणाली, तुम्ही या. दोनदा "या" म्हटल्यावर मला शंका आली की आमच्या दोघांचा समेट घडवून आणायचा हा तिचा आणि वहिनीचा बेत असणार. ठीक आहे, मी मनात म्हटलं, एवढी घाई काय, रविवारी जाऊ. शनिवारी सकाळी तो गेला.

हे लिहिताना मला लाज वाटते, आणि ती सांगितल्यानं कमी होत नाही.

तेरवीला मी लातूरला गेलो. गल्ली माणसांनी भरली होती. रिक्षावाले, शाळेचे मास्तर, नव्या गावातल्या दोन म्हाताऱ्या जीप करून आल्या होत्या. हे सगळं समजण्यासारखं होतं. पण बायका फार होत्या. नात्यातल्या नाहीत, गल्लीतल्या नाहीत. वेगवेगळ्या गावांहून आलेल्या, कुणी एकटी, कुणी लेकराला घेऊन, वहिनीच्या गळ्यात पडून रडत होत्या. मी एका कोपऱ्यात बसून मोजत होतो. माणूस मेल्यावर एवढ्या परक्या बायका रडतात याचा अर्थ काय, हे माझ्यासारख्याला कुणी सांगायला नको. म्हटलं, अखेर सापडला. आयुष्यभर चांगला म्हणून मिरवला आणि आज भानगड उघडी पडली. मेलेल्या भावाच्या दारात बसून मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

त्यातल्या एकीला मी गाठलं. चाळिशीची असेल, अहमदपूरकडची. मी गोडीनं विचारलं, "ताई, पेंटर तुमचे कोण?"

"कुणीच न्हाई, दादा," ती म्हणाली. "माझ्या लग्नाची भिंत तेंनी रंगवली होती. माझी मैना आंधळी ऱ्हायली."

मी म्हटलं, म्हणजे?

तिनं मला तिथंच पायरीवर बसून सांगितलं. पेंटर मैनेचा डोळा स्वतः काढायचाच नाही. भिंत पूर्ण झाली की जवळपास कुणी नाही असं बघून नवरीच्या हातात ब्रश द्यायचा. म्हणायचा, बाई, मनापासून हाव असंल तर डोळा काढ. नसंल तर ब्रश मला परत दे, मी कुणाला सांगणार न्हाई. पोरी हसत हसत काढायच्या, म्हणून तर तसले वेडेवाकडे डोळे. एखादी ब्रश परत द्यायची. मग तो तिचं नाव न घेता, ती काय म्हणाली हे न सांगता, बापाला नाहीतर भावाला गाठून एवढंच म्हणायचा की पोरीला एकदा विचारा.

"माझ्या बापानं इचारलं," ती म्हणाली. "लई आरडला आधी. पण इचारलं. ते लगीन मोडलं. दोन वरसांनी दुसऱ्या जागी झालं, तवा म्या सोताच्या हातानं डोळा काढला. बाकीच्यांचे बाप ऐकायचे न्हाईत. तेवढ्या मैना तशाच ऱ्हायल्या."

मी पायरीवरून उठलो तेव्हा जेवणाची पंगत बसत होती. वहिनीनं हाक मारली, पण मला पानावर बसवेना. मुलगी आतून आली, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "चला, माझ्या घरी चला." तिचं घर तिथून दोन गल्ल्या. जावई कॉलेजात गेले होते. तिनं चहा टाकला आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो.

"तू ब्रश परत दिला होतास," मी म्हणालो.

ती वळली नाही. "हो."

आणि मग, एवढं सगळं ऐकून आल्यावरही, माझ्या तोंडातून पहिला प्रश्न जो निघाला तो असा: "कोण होता?"

ती हसली. खरंच हसली, तोंडाला पदर लावून. "कुणी नव्हता, पप्पा. तुम्हाला नेहमी कुणीतरी लागतो. मला हे स्थळ नको होतं, बस. आम्हाला गच्चीवर बोलायला पाठवलं होतं ना, तर अर्धा तास हे स्वतःबद्दल बोलले. मला एकसुद्धा गोष्ट विचारली नाही. मला वाटलं, हे असंच चालणार जन्मभर."

"मग मला सांगायचंस."

"काका म्हणाले होते, मी बोलतो चेकरशी. तो माझं ऐकेल." तिनं चहा गाळला. "मांडवातला आवाज आत येत होता, पण शब्द कळत नव्हते. मला वाटलं, काका बोलले. आता सकाळी तुम्ही याल आणि मला विचाराल. सकाळी न्हाऊन दारात आले तर मैनेला डोळा. काका तर गेले होते. मी आईला विचारलं, हा कुणी काढला? आई म्हणाली, तुझ्या पप्पांनी."

"मला वाटलं, काकांनी तुम्हाला सगळं सांगितलंय," ती म्हणाली. "आणि हे तुमचं उत्तर आहे."

"मला काहीच माहीत नव्हतं," मी म्हणालो. "मला वाटलं, त्यानं जेवणावरून..." माझं वाक्य पुरं झालं नाही. ते पुरं करण्यासारखं नव्हतंच.

"काका म्हणायचे तसं. म्हणायचे, चेकरला माहीत नसणार. मी नाही ऐकलं. अकरा वर्षं मला वाटत होतं, माहीत असून तुम्ही स्टुलावर चढलात." तिनं कप माझ्या हातात दिला. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता, भाजीचं काही सांगावं तसा.

मला पेंटर हवा होता. तिथं, त्या स्वयंपाकघरात. त्यानं अकरा वर्षं माझ्या मुलीसमोर माझी बाजू घेतली होती, आणि मी दोनदा त्याच्या तोंडाचा वास घेतला होता.

"आता विचारू?" मी म्हणालो.

तिनं पातेलं बाजूला ठेवलं. समोरच्या पाटावर बसली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "विचारा की."

तीस वर्षं मी चालत्या गाडीत चढून माणसांना तोंडावर विचारलं आहे, भर उन्हात, भर गर्दीत, हुज्जत घालणाऱ्यांना, दारू प्यायलेल्यांना. माझी जीभ कधी अडली नव्हती. मुलगी वाट बघत होती. मी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि विचारलं, "जावई किती वाजता येतात?"

"सहाला," ती म्हणाली आणि कप उचलून उठली.